परफॉर्मन्स कारबरोबरचे पहिले वर्ष : वेगाआधी तापमानाचा विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण डॉक्टर आहात, पुण्यात राहता, आपला दवाखाना घरापासून सहा किलोमीटरवर आहे, महिन्यातून दोन-तीनदा कोकणात किंवा महाबळेश्वरला जाणे होते आणि बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यावी असे आपल्या मनात आहे. वर्षभर वापरल्यानंतर अशी गाडी रोजच्या धकाधकीत कशी वाटते, तिची निगा राखणे जिकिरीचे होते का आणि घरातली एकमेव गाडी म्हणून ती चालेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी पुण्यात बरीच वर्षे गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. अशा वेगवान गाड्या हाताखालून सतत जात असतात आणि हीच गाडी गेले वर्षभर माझ्या स्वतःच्या वापरात आहे. त्यामुळे कामाच्या आणि मालकीच्या अशा दोन्ही अनुभवांतून उत्तर देतो.

गाडीची मूळ माहिती आपण वाचलेलीच असेल : ३ लिटरचे सहा सिलिंडर एका ओळीत असलेले टर्बो (हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणाऱ्या यंत्राचे) पेट्रोल इंजिन, डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत ३७४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर), आठ गिअरचा झेडएफ कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद आणि शून्यापासून शंभरपर्यंत ४.४ सेकंद. हे आकडे खरे आहेत, पण वर्षभराच्या सहवासात त्यांचा संबंध फार थोडा वेळ येतो. ज्या गोष्टीचा संबंध रोज, प्रत्येक वेळी गाडी चालू करताना आणि बंद करताना येतो, ती म्हणजे तापमान. तेल किती गरम आहे, टायर किती गरम आहेत, ब्रेक किती तापले आहेत, इंजिनात जाणारी हवा किती थंड आहे, यांवर ही गाडी आज कशी चालेल हे ठरते आणि ती पाच वर्षांनी कशी असेल हेही ठरते. साध्या गाडीतही हे सगळे घडत असते, परंतु तिथे चुकीला वाव भरपूर असतो. इथे प्रत्येक भाग त्याच्या क्षमतेच्या बराच जवळ काम करतो.

सुरुवात इंजिन ऑइलपासून करतो, कारण आपला सहा किलोमीटरचा रोजचा प्रवास हाच माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा मुद्दा आहे. सकाळी गाडी चालू केल्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) काही मिनिटांत तापते आणि चालकाला वाटते की इंजिन तयार झाले. ऑइलला मात्र साधारण दुप्पट वेळ लागतो. या इंजिनात सुमारे साडेसहा लिटर ऑइल असते आणि त्याचे काम करण्याचे खरे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. थंड इंजिनात थेट सिलिंडरमध्ये फवारले जाणारे पेट्रोल पूर्ण जळत नाही. त्यातला थोडा भाग पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतो. ज्वलनातून तयार होणारी वाफही थंड भागांवर साचून पाणी होते. ऑइल पुरेसे तापून काही वेळ तसेच राहिले, तर हे पेट्रोल आणि पाणी उडून जाते. पण ते तापण्याआधीच रोज गाडी बंद झाली तर दोन्ही साचत राहतात आणि ऑइल पातळ होते. आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ही अडचण कमी न होता वाढते.

यावर उपाय अवघड नाही, पण तो नियमाने करावा लागतो. गाडी चालू केल्यावर जागच्या जागी दहा मिनिटे तापवत बसू नये. अर्ध्या मिनिटात निघावे आणि ऑइल तापेपर्यंत इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नये. या गाडीत ऑइलचे तापमान पडद्यावर पाहता येते आणि ते पाहण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी. आठवड्यातून एकदा तरी चाळीस-पन्नास मिनिटांची सलग फेरी व्हावी, मग ती सासवडपर्यंतची असो की लोणावळ्यापर्यंतची. ऑइल बदलण्याची वेळ गाडीचा संगणक सांगतो. आपल्यासारख्या छोट्या प्रवासांच्या वापरात मी ती तारीख अंतिम मानत नाही आणि सहा-सात हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी ऑइल व फिल्टर बदलावे असे ठामपणे सांगतो. एवढ्या किमतीच्या गाडीवर हा खर्च किरकोळ आहे आणि टर्बोच्या बेअरिंगचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते.

टर्बोच्या संदर्भात एक जुनी समजूत अजून ऐकू येते, की प्रवास संपल्यावर इंजिन पाच मिनिटे चालू ठेवावे. आताच्या अनेक टर्बो गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेवर चालणारा सहायक पंप टर्बोभोवती कूलंट फिरवत राहतो आणि रेडिएटरचा पंखाही गरज असेपर्यंत चालतो. पार्किंगमध्ये तो आवाज ऐकून घाबरण्याचे कारण नाही. शेवटचे दोन किलोमीटर शांतपणे चालवले की पुरे. शहरात तर ते आपोआपच होते.

दुसरा अनुभव आपल्याला मे महिन्यात येईल. संध्याकाळी विद्यापीठ चौकाच्या कोंडीतून अर्धा तास रखडून बाहेर पडल्यावर, बाणेरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि एक्सलरेटर दाबला, तर गाडी जानेवारीतल्या पहाटेसारखी धावत नाही. यात बिघाड काहीच नाही. हवेचे तापमान २० अंशांवरून ४० अंशांवर गेले की तिची घनता सहा ते सात टक्क्यांनी कमी होते, म्हणजे तेवढा प्राणवायू कमी. शिवाय या इंजिनात टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडणीत) बसवलेला आहे. या रचनेमुळे टर्बो आणि सिलिंडर यांमधला हवेचा मार्ग आखूड राहतो आणि गाडी पायाला लगेच प्रतिसाद देते. मात्र कोंडीत उभे राहिल्यावर ते पाणीही तापते आणि वाऱ्याअभावी लवकर थंड होत नाही. इंजिनात अकाली स्फोट होऊ नये म्हणून संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद थोडी कमी होते. दोन-तीन किलोमीटर वाहत्या रस्त्याने गेले की ती परत येते. ज्यांना हे ठाऊक नसते, ते सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार घेऊन जातात, तिथे संगणकात एकही दोष सापडत नाही आणि दोन्ही बाजूंना मनस्ताप होतो.

पेट्रोलचा प्रश्नही इथेच जोडलेला आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे भाग २० टक्के इथेनॉलसाठी अनुकूल आहेत, त्यामुळे नवी किंवा त्यानंतरची गाडी घेतल्यास त्या बाजूने काळजी नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून सरासरी घटते हे मान्य करावे लागते. शहरात लिटरला सहा ते आठ किलोमीटर आणि महामार्गावर अकरा-बाराच्या आसपास सरासरी मिळेल असे धरून चालावे. मी स्वतः जास्त ऑक्टेनचे (अकाली स्फोटाला अधिक विरोध करणारे) पेट्रोल भरतो, विशेषतः उन्हाळ्यात, कारण वर सांगितलेली ठिणगी मागे घेण्याची वेळ त्यामुळे उशिरा येते. ज्या पंपावर विक्री भरपूर आहे तिथेच ते घ्यावे. आडरस्त्याच्या पंपावर महागडे पेट्रोल टाकीत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेले असू शकते.

आता ब्रेक. या गाडीला पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (ब्रेकची डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणारे चिमटे) आहेत आणि सपाट रस्त्यावर त्यांच्याकडून काहीच मागायचे उरत नाही. घाट मात्र वेगळा हिशेब मांडतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली ६० मीटरच्या आसपास. दोन माणसे आणि सामान धरून १९०० किलोची गाडी हा साडेपाचशे मीटरचा उतार उतरते, तेव्हा जवळपास एक कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. शंभरच्या वेगावरून गाडी पूर्ण थांबवताना सुमारे सव्वासात लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. म्हणजे हा घाट केवळ ब्रेकच्या जोरावर उतरणे हे शंभरवरून चौदा वेळा गाडी थांबवण्यासारखे आहे. प्रत्यक्षात वाऱ्याचा विरोध आणि इंजिन यांचाही हातभार लागतो, पण इंजिनाचा हातभार लागण्यासाठी गिअर खाली आणावा लागतो आणि ऑटोमॅटिक गाडी चालवणारे नेमके हेच विसरतात. स्टिअरिंगमागची कळ दाबून तिसरा, तीव्र उतारावर दुसरा गिअर धरावा, इंजिनाचा आवाज वाढला तरी चिंता करू नये आणि ब्रेक सतत हलका दाबून न ठेवता मोजका, ठाम दाबून सोडावा.

ब्रेक ऑइलकडे फार कमी मालक लक्ष देतात. डॉट ४ या दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २३० अंश असावा लागतो. त्यात पाणी शोषले गेल्यावरच्या चाचणीत ही मर्यादा १५५ अंशांवर येते. हा द्रव हवेतली आर्द्रता ओढून घेतो आणि आपण कोकणात वरचेवर जाणार आहात. दोन वर्षांनी तो बदलावा ही किमान अट समजावी; पावसाळ्यानंतर एकदा त्यातले पाणी उपकरणाने तपासून घेणे अधिक चांगले. तसेच घाट उतरून लगेच गाडी धुण्यासाठी लावू नये. तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा झोत पडला की डिस्क वाकू शकते आणि पुढे ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागते. माझ्याकडे येणाऱ्या अशा थरथरीच्या तक्रारींमागे हे कारण बऱ्याचदा असते.

टायरविषयी सगळ्यांत जास्त लिहावेसे वाटते, कारण वर्षभरात या गाडीने मला सर्वाधिक शिकवले ते त्याच बाबतीत. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत, त्यामुळे साध्या गाडीप्रमाणे पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज समान करता येत नाही. मागची जोडी आधी संपणार हे गृहीत धरूनच खर्चाचा अंदाज करावा. १९ इंची चाकांवर मागच्या २५५/३५ मापाच्या टायरची भिंत जेमतेम ९ सेंटिमीटर उंच असते, तर सर्वसाधारण सेडानच्या २०५/५५ टायरची ११ सेंटिमीटरहून अधिक. हे दोन-सव्वादोन सेंटिमीटर म्हणजेच खड्डा पचवण्याची ताकद. म्हणून हवा योग्य असणे इथे आरामापेक्षा चाक वाचवण्यासाठी गरजेचे आहे. तापमान १० अंशांनी बदलले की टायरमधला दाब सुमारे दीड पीएसआयने (हवेच्या दाबाचे एकक) बदलतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो आणि मे महिन्यात दुपारी ३८-४० वर; म्हणजे उन्हाळ्यात भरलेली हवा हिवाळ्याच्या सकाळी चार पीएसआयने कमी भरते, टायर कुठेही पंक्चर नसताना. दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब थंड टायरचा आहे. पंपावर जाईपर्यंत टायर तापतात, म्हणून मी घरीच छोटा कॉम्प्रेसर आणि चांगला गेज ठेवला आहे आणि महिन्यातून दोनदा सकाळी हवा पाहतो. आपणही ही एक गोष्ट गाडीबरोबरच विकत घ्यावी.

पावसाळ्यात रुंद टायरचा स्वभाव बदलतो. रुंदी जास्त, म्हणून साचलेल्या पाण्यावर तरंगण्याची शक्यता जास्त. नक्षी झिजली की ही शक्यता झपाट्याने वाढते. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, पण ताम्हिणीतून जून-जुलैमध्ये या गाडीने जायचे असेल तर ३ मिलिमीटरच्या खाली उतरलेला टायर मी वापरणार नाही. चारही चाकांना ताकद मिळते, या गोष्टीने इथे फसवी खात्री वाटते. त्या व्यवस्थेमुळे ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना गाडी सुंदर पकड घेते, हे खरे आहे. थांबताना मात्र तिचा काहीही उपयोग नाही आणि वळणात शिरताना वेग जास्त झाला असेल तर तो कमी करायला हेच चार टायर आहेत.

खड्ड्यात गाडी जोरात आदळली, तर टायर वरून धड दिसला तरी अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्यावे आणि टायरची आतली बाजू हात फिरवून पाहावी. पुढच्या चाकांचा कोन थोडा आत झुकलेला असतो, त्यामुळे आतली कड आधी झिजते आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

गतिरोधकांविषयी आपण विचारलेले नाही, पण ते टाळता येणारच नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. त्या आकारावरून ही गाडी सहज जाते. गृहसंकुलांच्या दारात आणि गावांच्या वेशीवर मात्र अरुंद, टोकदार उंचवटे असतात आणि २८५१ मिलिमीटर अंतर असलेल्या दोन चाकांच्या मधला गाडीचा तळ त्यांच्या वर येतो. अशा ठिकाणी जवळजवळ थांबून, रहदारी पाहून तिरके जावे. भरलेल्या गाडीत हे अधिक जपावे लागते. आपल्या इमारतीचा पार्किंगचा उतार मात्र गाडी घेण्याआधीच चाचणीच्या गाडीने उतरून पाहावा; तो अडला तर बाकी सगळा विचार व्यर्थ आहे.

विम्यात शून्य घसारा (भागांच्या किमतीत घट न कापता भरपाई), इंजिन संरक्षण आणि टायर-रिमचे संरक्षण घ्यावे. पाण्यात अडकलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये, ती टो करूनच न्यावी. मोटार विम्यात शर्यती आणि वेगचाचण्या वगळलेल्या असतात, हे कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर गाडी नेण्याचा विचार आल्यास लक्षात ठेवावे. इंजिनाचा संगणक बदलून ताकद वाढवून देणारे पुण्या-मुंबईत अनेक आहेत. हे इंजिन भक्कम आहे आणि जास्त ताकद सोसू शकते, हेही खरे आहे. तरीही आपल्या हवामानात आणि आपल्या वापरात मी त्याला स्पष्ट नकार देईन. ताकद वाढली की उष्णता वाढते, वॉरंटी धोक्यात येते आणि जी ताकद आहे तिचाच पूर्ण वापर करण्याजोगा रस्ता आपल्याकडे क्वचित मिळतो.

एवढी पथ्ये वाचून ही गाडी घेऊच नये असा अर्थ काढू नका. पसरणी घाटात सकाळी लवकर, ऑइल आणि टायर तापलेले असताना, दोन वळणांच्या मधल्या छोट्याशा सरळ पट्ट्यात ही गाडी जे करते त्यासाठी मी ही सगळी पथ्ये आनंदाने पाळतो. ५०० न्यूटन-मीटरचा टॉर्क दोन हजार फेऱ्यांच्याही आत हाती येतो, त्यामुळे संथ ट्रकला किंवा एसटीला ओलांडताना विरुद्ध बाजूला घालवलेला वेळ निम्म्यावर येतो आणि ही निव्वळ सुरक्षिततेची गोष्ट आहे. द्रुतगती मार्गावर शंभरच्या मर्यादेत, आठव्या गिअरमध्ये, इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या आसपास इतके शांत फिरते की मागच्या आसनावर मुले झोपी जातात. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा गुळगुळीतपणा चार सिलिंडरच्या कोणत्याही गाडीत मला मिळालेला नाही. घरातल्या वयस्कर माणसांना मात्र खाली बसून आत शिरणे जड जाते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना आपण रोज तपासत असाल, तेव्हा हे मी अधिक सांगायला नको.

एकमेव गाडी म्हणून ती चालेल का, याचे उत्तर आपल्या रोजच्या प्रवासावर आहे आणि ते खरेदीपूर्वी तपासता येते. विक्रेत्याकडून चाचणीची गाडी रात्रभर आपल्याकडे ठेवण्याची परवानगी मागा; एवढ्या किमतीच्या गाडीसाठी ती सहसा मिळते. सकाळी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेगाने दवाखान्यात जा आणि गाडी लावण्याआधी ऑइलचे तापमान पाहा. ते ९० अंशांच्या पुढे गेले असेल, तर आठवड्यातली एक लांब फेरी सांभाळून ही एकच गाडी खुशाल ठेवा. रोज ६०-७० अंशांवरच गाडी बंद होणार असेल, तर दवाखान्यासाठी एखादी छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्या आणि ही शनिवार-रविवारसाठी राखा. त्या परिस्थितीत मात्र बॅटरीसाठी चार्ज टिकवणारा चार्जर पार्किंगमध्ये बसवून घ्यावा लागेल, कारण पाच-पाच दिवस उभी राहणारी गाडी आपले संगणक जागे ठेवण्यासाठी बॅटरी सतत थोडी थोडी खर्च करत असते.